नकली व्हँपायर आणि शीळकरी कस्तूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुलनेला हीच जोडी का घेतली?

वटवाघूळ आणि पक्षी यांची तुलना म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला तक्ता समोर येतो. एकाला पिसं, दुसऱ्याला केस. एक अंडी घालतो, दुसरा पिल्लांना दूध पाजतो. तक्ता बरोबरच असतो, पण जंगलात प्रत्यक्ष काय चालतं ते त्यातून कळत नाही. त्यासाठी एकाच प्रकारच्या ठिकाणी राहणारे, एकाच प्रकारची शिकार करणारे दोन जीव समोरासमोर ठेवावे लागतात.

शीळकरी कस्तूर (मायोफोनस हॉर्सफिल्डी) हा ओढ्याकाठचा पक्षी. दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंतचा सह्याद्री, सातपुडा आणि पूर्व घाटाचा काही भाग हे त्याचं घर. भारताबाहेर तो सापडत नाही. नकली व्हँपायर हे वटवाघूळ (लायरोडर्मा लायरा, जुन्या पुस्तकांत मेगाडर्मा लायरा) मात्र पूर्व अफगाणिस्तानापासून भारत, श्रीलंका करत दक्षिण चीन आणि मलेशियापर्यंत पसरलेलं आहे. सह्याद्रीत दोघांच्या हद्दी एकमेकांवर येतात आणि दोघंही बेडूक खातात. तुलनेला एवढं पुरेसं आहे.

दिसायला कसे असतात? मोठं कोण?

कस्तूर मोठा. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २५ सेंटीमीटर आणि वजन शंभर ग्रॅमच्या थोडं वर. लांबून काळाच दिसतो. उजेड तिरपा पडला की कपाळावरचा आणि खांद्यांवरचा निळा पट्टा एकदम चमकतो. मान वळवली की पुन्हा काळा. तो निळा रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेचा आहे, म्हणून प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असतो. नर-मादी सारखेच दिसतात.

वटवाघळाचं वजन ४० ते ६० ग्रॅम, म्हणजे कस्तुराच्या निम्म्याच्या आसपास. राखाडी अंग, शेपूट दिसतच नाही. ओळखायची खूण म्हणजे कान: अतिशय मोठे आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले. नाकावर उभं पानासारखं कातडं असतं. वरच्या जबड्यात पुढचे पटाशीचे दात नसतात, पण सुळे चांगलेच लांब असतात. चेहरा भीतीदायक आहे हे कबूल, पण जवळून पाहिलं तर डोळे मोठे आणि टपोरे आहेत.

हे रक्त पितं का?

नाही. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात फक्त तीन जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडातल्या, मेक्सिकोपासून दक्षिणेला. याच्या सुळ्यांमुळे आणि मांसाहारामुळे नावात व्हँपायर, म्हणजे गोष्टींतलं रक्तपिपासू भूत, आलं आणि चिकटून राहिलं.

दोघं बेडूक खातात, तर एकमेकांच्या वाटेत येत नाहीत का?

फारसे नाहीत. एक दिवसपाळीला असतो, दुसरं रात्रपाळीला. पण वेळ हा अर्धाच भाग आहे. शिकारीची पद्धतही पूर्ण वेगळी आहे.

कस्तूर डोळ्यांनी शिकार करतो. ओल्या कातळावर टुणटुण उड्या मारत जातो, मध्येच थबकतो, शेपटी पसरवतो, दगडाच्या फटीत चोच घालतो. किडे, गांडुळं, बेडूक, खेकडे आणि झाडांची लहान फळं, जे मिळेल ते खातो. खेकडा पकडल्यावर त्याची कशी धांदल उडते ते एकदा तरी बघावं. चोचीत नांगी धरून तो खेकड्याला दगडावर आपटतो, खेकडा निसटून तिरका पळतो, हा उडी मारून पुन्हा धरतो. नांग्या-पाय गळून पडेपर्यंत हे चालू राहतं. नंतर त्या दगडावर कवचाचे तुकडे आणि ओला डाग उरतो. अशा ठरावीक दगडांवरून त्या पट्ट्यात कस्तूर आहे हे ओळखता येतं.

नकली व्हँपायर मुख्यतः कानांनी शिकार करतं. जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवरून उडतं किंवा एखाद्या फांदीला लटकून वाट बघतं. पाल पाचोळ्यातून सरकली, उंदीर खुडबुडला, बेडकाने उडी मारली की त्या आवाजावर झेप घेतं. मोठे किडे, बेडूक, पाली, उंदीर, लहान पक्षी, कधी लहान वटवाघळंही त्याच्या आहारात असतात. शिकार तिथेच न खाता ठरलेल्या अड्ड्यावर नेतं: पडक्या देवळाचा मंडप, किल्ल्यातली अंधारी खोली, एखाद्या बंद घराची पडवी. तिथली जमीन पाहिली की सगळा मेनू कळतो. बेडकाचे मागचे पाय, टोळांचे पंख, पतंगांची भुकटी, दोन-चार पिसं, पालीची शेपटी. लोक याला जादूटोण्याचा प्रकार समजून घाबरतात. मान वर करून छताकडे पाहिलं तर उलगडा होतो.

जागेतही फरक आहे. खळाळत्या पाण्याशेजारी पाचोळ्यातली बारीक खसखस ऐकू येणं अवघड, त्यामुळे ऐकून शिकार करणाऱ्याला तो धबाबा आवाज अडचणीचाच. डोळ्यांवर जगणाऱ्या कस्तुराला त्याने शिकारीत काहीच फरक पडत नाही.

वटवाघूळ पक्षी खातं म्हणता, मग कस्तुराला धोका आहे का?

पूर्ण वाढलेल्या कस्तुराला नाही. स्वतःच्या दुप्पट वजनाचा, कणखर चोचीचा पक्षी याच्या आवाक्याबाहेरचा आहे. रात्री फांदीवर झोपलेले वटवट्या-शिंजिर यांच्या मापाचे पक्षी ही त्याची शिकार.

पक्षी खाण्यात याहून पुढे गेलेली एक जात युरोपात आहे, ग्रेटर नॉक्ट्यूल नावाची. स्थलांतर करणारे छोटे गाणारे पक्षी ती रात्री, उंच आकाशात, उडता उडता पकडते. तिच्या विष्ठेत पिसं सापडल्यावर २००१ मध्ये हा निष्कर्ष मांडला गेला आणि बरेच जण विश्वास ठेवायला तयार नव्हते. २०२५ मध्ये पाठीवर बसवलेल्या छोट्या यंत्रातून पाठलागाचा, रॉबिनच्या ओरडण्याचा आणि उडतानाच चावून खाण्याचा आवाजच मिळाला.

पंखांत नेमका काय फरक?

पक्ष्याचा पंख पिसांचा, वटवाघळाचा पंख हाताचा. कस्तुराच्या पंखात बोटांची हाडं आखूड होऊन एकमेकांत मिसळून गेली आहेत आणि उडण्याचा पृष्ठभाग पिसं तयार करतात. वटवाघळात अंगठा मोकळा राहिला आणि बाकीची चार बोटं भरमसाट लांब झाली, त्यांच्यामध्ये कातडीचा पातळ पडदा ताणला गेला. तो पडदा जिवंत असतो: त्यात रक्तवाहिन्या आहेत, बारीक स्नायू आहेत आणि हवेचा प्रवाह जाणणारे अतिसूक्ष्म केसही आहेत. उडताना वटवाघूळ पंखाचा आकार क्षणाक्षणाला बदलू शकतं. म्हणूनच झुडपांच्या गर्दीत इतक्या कमी वेगाने, जमिनीलगत उडून बेडूक उचलणं त्याला जमतं.

पक्ष्याचा फायदा श्वासात आहे. त्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, हवेच्या पिशव्या भात्याचं काम करतात आणि श्वास आत घेताना व सोडतानाही ताजी हवा मिळत राहते. वटवाघळाला सस्तन प्राण्याच्या साध्या फुप्फुसावरच भागवावं लागतं. ती फक्त आकाराने मोठी आणि पातळ पडद्याची झाली आहेत. तरीही ते उडतं, आणि झकास उडतं.

दोघांचा समान पूर्वज सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचा आणि तो अजिबात उडत नव्हता. पंख दोघांनी स्वतंत्रपणे कमावले आहेत. त्यामुळे ‘वटवाघूळ म्हणजे अर्धा पक्षी’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. नात्याने ते पक्ष्यापेक्षा आपल्याला जास्त जवळचं आहे.

वटवाघळं आंधळी असतात ना?

नसतात. नकली व्हँपायरला चांगलं दिसतं. अंधारात मात्र डोळ्यांवर भिस्त नसते, हे सर्वात आधी नीट तपासलं इटलीतल्या लाझारो स्पॅलान्झानीने. १७९३ च्या सुमारास त्याने घुबड आणि वटवाघळं खोलीत सोडली आणि मेणबत्ती विझवली. घुबड भिंतींवर आपटायला लागलं, वटवाघळं बिनधास्त उडत राहिली, डोळे निकामी केल्यावरसुद्धा. स्वित्झर्लंडच्या लुई ज्युरीनने कान बंद करून पाहिले तेव्हा ती धडकली. कानाने कसं काय दिसतं, हे मात्र १९३८ नंतर डोनाल्ड ग्रिफिनने माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणाऱ्या यंत्रापुढे वटवाघळं धरली तेव्हा उलगडलं: ती आवाज सोडतात आणि वस्तूंवर आपटून परत आलेला प्रतिध्वनी ऐकून वाट काढतात.

नकली व्हँपायर या बाबतीतही वेगळं. बाकीची पुष्कळ वटवाघळं तोंडाने जोरदार आवाज सोडतात. हे नाकातून, अगदी हळू आणि अतिशय तोकडे आवाज सोडतं. बहुतांश आवाज २० किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे आपल्या कानाच्या मर्यादेपलीकडे. बरेच दिवस असा समज होता की शिकार करताना हे प्रतिध्वनी वापरतच नाही, फक्त ऐकतं. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की झेप घेताना आवाज चालू असतातच आणि निपचित पडलेली शिकारही त्याला सापडते. दोन्ही साधनं हाताशी आहेत, जे उपयोगी पडेल ते वापरतं.

पक्ष्यांना प्रतिध्वनीचा उपयोग करता येत नाही का?

कस्तुराला नाही. पण काही पक्ष्यांना येतो. वेंगुर्ला रॉक्सच्या बेटावर गुहेत घरटी करणारी भारतीय पाकोळी अंधारात टकटक असा आवाज काढत वाट शोधते, आणि तो आपल्यालाही ऐकू येतो. दक्षिण अमेरिकेतला ऑइलबर्डही असाच. मात्र यांच्या आवाजात गुहेची भिंत समजण्याइतकीच बारकाई आहे; पतंग पकडण्याइतकी नाही. उलट मोठी फळं खाणारी वटवाघळं, वड-पिंपळावर शेकड्यांनी लटकणारी, प्रतिध्वनीच्या भानगडीत पडत नाहीत. ती डोळ्यांनी आणि नाकानेच फळं शोधतात.

कस्तूर गातो आणि वटवाघूळ नुसतं किचकिचतं, हे तरी खरं ना?

आपल्या कानांपुरतं खरं आहे.

कस्तुराचं गाणं ऐकलेला माणूस ते विसरत नाही. पावसाळ्यात, पहाटे अजून काळोख असताना, ओढ्याकडून कोणीतरी रमतगमत शीळ घालत चालल्यासारखं वाटतं. सूर माणसाच्या शिळेसारखेच, चाल मात्र ठरलेली नाही. वर जाते, भरकटते, अर्ध्यात तुटते. इंग्रज त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा म्हणत. एकेकाळी तो पिंजऱ्यात पाळला जाई आणि शिकवलेल्या अख्ख्या धून वाजवी. त्यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते: गाणारे पक्षी गाणं ऐकून शिकतात, ते जन्मतः तयार नसतं. विणीचा हंगाम सरला की मैफल बंद. मग वर्षभर फक्त एक तीक्ष्ण, कर्कश ‘क्रीऽऽ’ ऐकू येतं. या पक्ष्याच्या प्रेमात पडलेल्यांनी हिवाळ्यात जाऊन निराश होऊ नये.

पक्ष्याचा आवाज छातीत, श्वासनलिका जिथे दुभंगते तिथल्या अवयवातून येतो. त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. वटवाघळाचा आवाज आपल्यासारखाच घशातल्या स्वरयंत्रातून येतो. एवढ्यावरून पक्षी कलावंत आणि वटवाघूळ बेसूर असं ठरवणं घाईचं आहे. नकली व्हँपायरचंच भावंड म्हणावं असं पूर्व आफ्रिकेतलं एक वटवाघूळ, कार्डिओडर्मा कोर, स्वतःची हद्द राखायला फांदीवर बसून गातं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या वटवाघळांच्या एका छोट्या जातीची पिल्लं मोठ्यांचे सूर गिरवत बोबडं बोलतात, तान्ह्या बाळासारखंच; हे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. वटवाघळांच्या दुनियेतलं पुष्कळसं बोलणं आपल्या कानांच्या वर चालतं, त्यामुळे आपल्याला ते मुके किंवा किचकिचे वाटतात.

पिल्लं वाढवण्यात जास्त कष्ट कोणाचे?

मला विचाराल तर सगळ्या तुलनेचा गाभा हा आहे. पंख आणि आवाज यांबद्दल लोक हिरिरीने विचारतात, हा प्रश्न क्वचित येतो.

कस्तुराची जोडी पाऊस लागला की ओढ्याकाठच्या कपारीत, कधी धबधब्याच्या आडोशाला, शेवाळ, मुळ्या आणि चिखल यांची वाटी बांधते. तीच जागा पुढच्या वर्षीही वापरली जाते. अंडी दोन ते चार, बहुधा तीन, फिकट गुलाबीसर, त्यावर ठिपके. १६–१७ दिवस उबवणं, मग पिल्लांना भरवणं. घरटं पुरात वाहून गेलं किंवा सापाने अंडी खाल्ली तर हंगाम शिल्लक असेपर्यंत असे पक्षी पुन्हा अंडी घालू शकतात. मादी दिवसाला एक अंडं घालत जाते, त्यामुळे सगळं ओझं एकाच वेळी घेऊन उडायची वेळ तिच्यावर येत नाही.

नकली व्हँपायरची मादी सुमारे पाच महिने गरोदर असते आणि त्या पाच महिन्यांत रोज रात्री उडून शिकार करते. पिल्लू सहसा एकच, क्वचित जुळं. एप्रिल ते जूनच्या दरम्यान जन्म होतो, म्हणजे पावसाळ्यातला किड्यांचा सुकाळ दूध पाजणाऱ्या आईच्या वाट्याला येतो. वटवाघळांची पिल्लं जन्मतःच आईच्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास असतात. माणसाच्या मापात बोलायचं तर पन्नास किलोच्या बाईला बारा किलोचं बाळ! सुरुवातीचे दिवस आई त्याला पोटाशी घेऊन उडते. त्यासाठी तिच्या जांघेजवळ दोन खोटी स्तनाग्रं असतात. त्यांतून दूध येत नाही. पिल्लू उलटं होऊन ती तोंडात घट्ट धरतं आणि लटकून राहतं. दूध पाजणारी खरी स्तनाग्रं वर छातीपाशी. दूध दोन-तीन महिने. पिल्लू शिकारीला लागायच्या सुमारास बंदिवासातल्या माद्या त्याला मांसाचे घास देतानाही पाहिल्या गेल्या आहेत, म्हणजे चोचीने भरवणाऱ्या कस्तुराच्या अगदी जवळची गोष्ट.

परिणाम असा की कस्तुराच्या जोडीचा एक डाव फसला तर दुसरा टाकता येतो. वटवाघळाच्या मादीचं पिल्लू गेलं तर ते वर्ष गेलं. मे महिन्यात एखाद्या गुहेत धूर केला, किल्ल्यातली खोली एका दिवसात झाडून बंद केली, वापरात नसलेली विहीर बुजवली, की तिथल्या माद्यांचं अख्खं वर्ष वाया जातं आणि वस्ती सावरायला अनेक वर्षं लागतात. दोन्ही जाती आज धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत ‘चिंताजनक नाही’ या गटात आहेत. पण गट सारखा असला तरी घसरगुंडी लागल्यावर सावरण्याचा वेग सारखा नाही.

मग वटवाघळं टिकली कशी?

दीर्घायुष्यावर. वटवाघळं आपल्याएवढ्या वजनाच्या न उडणाऱ्या सस्तन प्राण्याच्या सरासरी साडेतीन पट जगतात. सायबेरियात १९६४ साली वाळा घालून सोडलेलं जेमतेम सात ग्रॅमचं, ब्रँट नावाच्या जातीचं एक वटवाघूळ २००५ मध्ये, ४१ वर्षांनी, जिवंत सापडलं. मूल एकच, पण वर्षानुवर्षं दरसाल एक, असा तो हिशेब असतो. प्रौढ माद्या मरायला लागल्या की तो कोसळतो.

उलटं लटकून पाय दुखत नाहीत?

नाही. शरीराच्या वजनानेच बोटांचे कंडरे ताणले जातात आणि नख्या अडकून बसतात. स्नायूंना जोर लावावा लागतो तो सोडताना.

रोगांचं काय? घराजवळ वस्ती असली तर?

निपाह विषाणूचा संबंध मोठ्या फलाहारी वटवाघळांशी आहे, नकली व्हँपायरशी नाही. तरी कोणतंही वटवाघूळ उघड्या हाताने धरू नये. चावलं तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं आणि रेबीजच्या लशीबद्दल विचारावं. बंद जागेतली सुकी विष्ठा झाडताना नाकाला मास्क हवा, आधी पाणी शिंपडावं. पक्ष्यांची सुकी शीट साफ करतानाही हेच करावं, पण तिथे कोणी घाबरत नाही.

कायदा दोघांना सारखाच लागू आहे का?

पूर्वी अजिबात नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळं कावळे, उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत टाकली होती. वटवाघळांच्या दोनच जातींना पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाचं, कवच होतं. त्यातलं एक सलीम अलींच्या नावाचं. त्याचा पहिला नमुना १९४८ मध्ये तमिळनाडूतल्या डोंगरात पकडला गेला, दुसऱ्याच जातीचा म्हणून संग्रहात पडून राहिला आणि १९७२ मध्ये थायलंडच्या कित्ती थाँगलाँग्या यांनी तो वेगळा ओळखला. आयुष्यभर पक्ष्यांमागे फिरलेल्या माणसाचं नाव वटवाघळाला मिळालं. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच रद्द केली. दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

दोघांना बघायचं असेल तर?

कस्तुरासाठी जून ते ऑगस्ट, उजाडायच्या आधी ओढ्याजवळ पोहोचा आणि पाण्यापासून थोडं दूर, एका जागी बसा. आवाजाच्या दिशेने चालत सुटलात तर तो ओढ्याबरोबर पुढे सरकत जाईल. मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून तुमच्याशी भांडायला येईल.

नकली व्हँपायरसाठी दिवसा गुहेत शिरू नका, एप्रिल ते जुलै तर मुळीच नाही. खाण्याच्या अड्ड्याखालचे अवशेष सकाळी बघा, फोटो काढा, तसेच राहू द्या. संध्याकाळी पडक्या वास्तूच्या दाराच्या एका अंगाला, वाट मोकळी सोडून उभे राहा. अंधार पडल्यावर एकेक करून ती बाहेर पडतात, जमिनीलगत, जवळजवळ आवाज न करता. टॉर्च लागलाच तर मंद आणि लाल. फ्लॅश नको.